तळं निवळलं

४ एप्रिल
पंपघराचा प्रमुख म्हणून बदली झाली आणि सोबत तळ्याकाठचं घर मिळालं! खिडकी उघडली की नुसतं पाणी. पाणकोंबड्या पिल्लांना घेऊन लव्हाळ्यांत शिरतात, बेडकांनी तर उच्छाद मांडलाय. लेक, आमची ठमी, सकाळपासून काठावरून हलायला तयार नाही. सगळं गाव हेच पाणी पितं. नळाला चोवीस तास पाणी म्हणजे आपली निम्मी भांडणं मिटली, असं बायको म्हणाली. उरलेल्या निम्म्यांचं काय, असं विचारून मी तिचे डोळे वटारून घेतले.

१२ एप्रिल
लव्हाळी पंपाच्या जाळीत अडकून मोटरी बंद पाडतात. नाकी नऊ आले. शेवटी सगळा काठ साफ करून घेतला, आता कसा मोकळा दिसतो! मेहुणी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिने फोनवर माझी हजेरीच घेतली. गावाचं सांडपाणी ती लव्हाळीच गाळत होती, भाऊजी, तुम्ही तळ्याची मूत्रपिंडं कापलीत, म्हणाली. मी म्हटलं, बाईसाहेब, आम्ही मोटरीवाली माणसं.

२ मे
पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरलीय. नळाच्या पाण्याला कुबट वास. लोकांनी फोन करकरून भंडावून सोडलंय. इथली रीत अशी, की साय धरली की ती मारायला मोरचुदाची, त्या निळ्या खड्यांची, पोती होडीला बांधून तळंभर फिरवायची. मी दुप्पट पोती सांगितली. मेहुणीला विचारणार होतो, पण तिचं व्याख्यान कोण ऐकणार!

५ मे
तळं निवळलं! पार तळ दिसतो. येणारा-जाणारा माझी पाठ थोपटतोय. फक्त बेडूक ओरडत नाहीत. पाणकोंबड्याही दिसल्या नाहीत.

८ मे
काठाला मेलेल्या माशांचा थर. एक कुत्रं पाणी प्यायलं, जरा चाललं आणि कोसळलं. ठमीला उलट्या होताहेत. डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजायला सांगितलं. मी गावभर कळवलं, पाणी खळखळून उकळा आणि मगच प्या. बायको पातेली भरभरून उकळतेय.

१० मे
ठमीला ताप चढलाय, डोळे पिवळे झालेत. सारखी पाणी मागते. शेजारी अंथरुणाला खिळलेत, पलीकडच्या घरातही तेच. उकळूनच पितात सगळे. मग हे काय आहे? मला भीती वाटतेय.

११ मे, सकाळ
मेहुणीचा फोन. विष त्या सायीतच होतं. मोरचुदाने साय मेली, फुटली, विष पाण्यात उतरलं. उकळून ते जात नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं— आणि मी गावाला—
बायकोला सांगायला धावलो. पायच लुळे पडले. पडलो—

दुपार
जीभ हलत नाही. बायकोने खुर्चीत बसवलं, तिला वाटतं, माझाही ताप डोक्यात गेला. वही तिच्यासमोर धरली. तिने ती हळूच माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाली, आधी लेकीला पाणी देते, मग वाचते—
आत्ता वाच गं. आत्ता—
पाणी निववतेय. या पेल्यातून त्या पेल्यात—
ठमी उठून बसली. हात पुढे केलाय—
ठमे, इकडे बघ. बाळा, बाबाकडे बघ ना, बाबा नको म्हणून मान हलवतो—