मुद्दाम फाडलेला आवाज

बाबा,

परवा बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात, आपल्याच विहारासमोरच्या पटांगणात, मी गिटारचा आवाज मुद्दाम फाडला. अँपचं, म्हणजे अँप्लिफायरचं, बटण स्वतःच्या हाताने जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलं, समोर अख्खी वस्ती बसलेली होती, आणि वाजवलं. तुम्ही असता तर तरातरा स्टेजवर आला असता. तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण माझं तुमच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटवायला मी हे लिहीत नाहीये.

सालेकशाला स्टेशनच्या रस्त्यावर तुमचं माईकचं दुकान होतं. दोन भोंगे, स्पीकरच्या चार पेट्या आणि एक अँप्लिफायर, ज्याला तुम्ही आणि सगळा तालुका नुसतं ‘मशीन’ म्हणायचा. लग्न असो, सभा असो, जयंती असो, तुमची मशीन कधी शिट्टी मारायची नाही की खरखरायची नाही. शाळा सुटली की मी दुकानात येऊन बसायची. मी बारा वर्षांची असेन. एका दुपारी तुम्ही लग्नाच्या जुन्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने एक लाट काढता, तिच्या वर एक आणि खाली एक अशा दोन सरळ रेघा ओढता, आणि म्हणता, “हा आवाज. वर जाते, खाली येते. आन ह्या रेघा म्हंजे मशीनची ताकद. याच्या वर नेशील त आवाजाचं डोकं कापल्या जाते. डोकं कापलं का शब्द मेला. मागच्या मानसाले मंग निस्ती घरघर.” मी विचारते, मागच्याच माणसाचं काय एवढं. तुम्ही पेन्सिल खाली ठेवता. “आपली मानसं लय वर्षं मागंच बसली, बाई. शब्द तिथवर गेला पायजे.” हे मी विसरलेले नाही. तुमचं म्हणणं मला कळलं नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

पुढे गोंदियाला कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे पडून असलेली इलेक्ट्रिक गिटार मी घरी आणली. अँप कुठून आणणार? तुमचीच मशीन. तुम्ही जेवायला गेला होता. मी गिटारची पिन मशीनला लावली आणि बटण पूर्ण फिरवलं. जो आवाज निघाला त्याने माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या कागदावरची लाट इथे खरंच वरून-खालून कापली जात होती, पण मेलं काहीच नव्हतं. एक तार छेडली तरी ती थांबेना, ओढत नेल्यासारखी वाजतच राहिली. माझ्या पोटात जे काही कित्येक वर्षं शब्दांशिवाय बसलेलं होतं, ते दुकानभर उभं राहिलं. तुम्ही उष्ट्या हाताने धावत आलात.

“बंद कर! काऊन फाडून राहिली? पेटी जाईन ना!”

“मले असाच पायजे, बाबा.”

“असा कोनाले पायजे राहते? हा बिघाड आहे. मी जलमभर हाच बिघाड काढत आलो, आन तू मुद्दाम करतेस?”

त्या दिवशी मी बटण खाली आणलं. दुसऱ्या वर्षी तुमचं ऐकलं नाही. दरेकशाजवळच्या एका गावात जयंतीचा कार्यक्रम होता, मशीन तुमची होती, आणि बायकांच्या गाण्यामागे मला गिटार वाजवायला सांगितलं होतं. दिवसभर विडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधून आलेल्या बाया, हात अजून काळपट, पहिल्या ओळीत बसलेल्या. गाणं संपलं आणि मी कोणालाही न विचारता पुढचं वाजवायला घेतलं, एकटीने, आवाज फाडून. दोन मिनिटंही झाली नसतील. तुम्ही मशीनपाशी वाकलात आणि माझी पिन उपसली. हाताखाली तारा हलत होत्या आणि आवाज नव्हता. मग तुम्ही माईक घेतलात आणि शांतपणे म्हणालात, “मशीनमंधी बिघाड आला आहे. माफ करा.” तुमच्या मशीनमध्ये बिघाड! तालुक्यात कोणी विश्वास ठेवला नसता, पण त्या दिवशी सगळ्यांनी ठेवला.

आता खरं सांगते. तुम्ही पिन काढलीत त्याच्या थोडं आधीच मी चुकले होते. पुढचा भाग आठवत नव्हता आणि त्या फाटक्या आवाजात लपून मी नुसत्या तारा ओढत होते. तुम्हाला ते कळलं असणार. मला वाचवायला तुम्ही दोष स्वतःच्या मशीनवर घेतलात, असं आई आजही म्हणते. असेलही. तरी पिन काढायची नव्हती, बाबा. चुकत होते तर चुकू द्यायचं होतं. कितीतरी पुढारी तुमच्या माईकवर येऊन चुकीचं बोलून गेले, त्यांची पिन तुम्ही एकदा तरी काढलीत?

मी नागपूरला गेले. दोन वर्षं आपण फोनवर फक्त तब्येतीचं बोललो. मग एका मांडवात भोंगा बांधताना तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही शिडीवरून उतरून, खुर्चीवर बसून, तिथेच गेलात. मी पोचेपर्यंत दुकानाचं शटर पाडलेलं होतं.

नागपुरात आमचा चौघींचा बँड झाला. मी अँप घेतला तो मुळातच फाडणारा. पण सगळ्या मिळून वाजवायला लागलो की माझ्या गिटारचा चिखल व्हायचा. जाड तारा एकदम छेडल्या की नुसता गोळा. मी बटण वाढवत गेले, गोळा वाढत गेला. अँप एकदा पुरता फाटला की तो आणखी मोठा होत नाही, कितीही ढकला, फक्त जास्त गिचमिड होतो. एक दिवस ड्रम वाजवणारी थांबून म्हणाली, “तू काय वाजवतेस ते मला ऐकूच येत नाही. मी तुझ्या हाताकडे बघून ठेका धरते.” मी चिडले, घरी आले, आणि दोन दिवसांनी एक ओव्हरड्राइव्ह पेडल आणलं. पायाने दाबायची मुठीएवढी डबी, तीन बटणं. साध्या आवाजाला थोडी खरखर द्यायला लोक ते वापरतात. मी त्यातलं खरखरीचं बटण जवळजवळ शून्यावर ठेवलं, आवाजाचं पूर्ण, तिसरं, टोनचं, मधोमध, आणि डबी गिटार आणि अँप यांच्यामध्ये जोडली. म्हणजे पेडल स्वतः फारसं काही फाडत नाही. ज्याने चिखल होतो तो खालचा जड आवाज ते थोडा कापतं, मधला पुढे काढतं, आणि सगळं जोरात अँपच्या तोंडावर आदळतं. अँप आधीच फाटलेला, त्यामुळे तो मोठा झाला नाही, पण त्याचा जबडा आवळला. प्रत्येक फटका सुटा झाला. थांबले तिथे आवाज थांबला. मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले.

तुम्ही म्हणाल, “मंग? मी हेच त सांगून राहिलो होतो ना, साफ पायजे.” नाही बाबा. तुम्ही फाडूच नको म्हणाला होता. मी अजून फाडते, पूर्वीपेक्षा जास्त फाडते, आणि त्या फाटक्यात काय वाजलं ते शेवटच्या माणसाला ऐकवते. तुमच्याकडून शिकले ते घेतलं आणि जिथे तुम्ही चुकलात तिथे सोडलं. याला तुमचं जिंकणं म्हणायला मी तयार नाही.

परवा पेट्या गोंदियाच्या एका माणसाच्या होत्या, तुमच्याच वयाचा असेल, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या वयाचा. मी जुळवाजुळव करत होते तर तो धावत आला. “दीदी, आवाज फट रही है, थोडा कम करो.”

मी म्हटलं, “फट नहीं रही भैया. मैं फाड़ रही हूँ.”

त्याचा हात पिनेकडे गेला. बाबा, मी तो हात धरला. सगळ्यांसमोर, घट्ट, आणि म्हटलं, “पेटी गेली तर माझी जबाबदारी. पण याला हात लावायचा नाही.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तो मागे जाऊन उभा राहिला. मी सहा मिनिटं वाजवलं, माझंच, शब्द नसलेलं. चुकले एकदा. थांबले नाही, चूक पुन्हा वाजवली आणि पुढे गेले. काही जण उठून गेले. तेंदूपत्त्याच्या कामाहून आलेल्या दोन बाया जागच्या हलल्या नाहीत. आई सगळ्यात मागे, विहाराच्या भिंतीला टेकून बसली होती. नंतर मी तिला विचारलं, ऐकू आलं का. ती म्हणाली, “सारं आलं. येक येक.” मी विचारलं, आवडलं का. “नाई बाप्पा,” ती म्हणाली. “डोक्शात अजून वाजून राहिलं. पन उठावं असं नाई वाटलं.”

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. आईला वाचून दाखवलं तर ती तुमची बाजू घेईल आणि मला पुन्हा भांडावं लागेल. तेव्हा ते माझ्याकडेच राहील.

एकच गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज लोकांपर्यंत पोचवले आणि तुमचा स्वतःचा कधी टेपवर घेतला नाही, मीही घेतला नाही. वर जे जे तुमचं बोलणं लिहिलं, ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. पण तुमचा आवाज आठवत नाही, बाबा. दोन-तीन वर्षं झाली. डोळे मिटून कितीही कान लावला तरी येत नाही.