गाडीत दोष नाही

सातपूर, ९ जानेवारी २०२५

ती. राखीताईस,
सविनय जयभीम.

भाऊजींचा खोकला थांबला का? फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन सगळ्यांच्या मध्ये बसून घेतात, आणि ही गोष्ट तुझ्या-माझ्यातली आहे.

काल झुंबरमामाची गाडी आमच्या गॅरेजला आली. मी दोन वर्षं चालवली तीच. आता मामाला सुयश फिरवतो. लिटरला अठरा देणारी गाडी तेरावर आली आहे आणि मामा पोटच्या पोराचे खिसे तपासतो. सुयश म्हणाला, काही बिघाड निघाला तर दादा, तेवढं कागदावर लिहून दे.

तो चहाला गेला तेव्हा मी गाडी जॅकवर घेतली. मागचं डावं चाक हाताने फिरेना. हँडब्रेकची तार गंजून अडकली आहे, ब्रेक पुरता सुटतच नाही. मग पेट्रोल जास्त लागणारच. गंज जुना आहे, ताई. म्हणजे माझ्या वेळीही हेच होतं.

तुझ्या साखरपुड्यात मामाने मला पेट्रोलचोर म्हटलं, आई पाहुण्यांदेखत त्याच्या पाया पडली, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. गाडी खाली घेतली. सुयश आल्यावर त्याला सांगितलं, "गाडीत दोष नाही."

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा नवनाथ


चांदवड, १६ जानेवारी

चि. नवनाथ,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. बरं केलंस. आई अजून स्वतःच्या भावाच्या गल्लीतून जात नाही, बाजाराला लांबून वळसा घालते. भोगू दे त्याला. सुयश लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून फिरायचा, ते मध्येच आठवलं. पण त्या दिवशी तोही मांडवात गप्पच उभा होता.

इकडे कांदा काढायला माणसं मिळेनात. तू वेळेवर जेवतोस ना, की ग्रीसवरच भागवतोस? तुझ्या भाऊजींचा खोकला बरा आहे.

वरचेवर लिहीत जा.
राखीताई


सातपूर, ३ मार्च

ती. ताईस,
सविनय जयभीम.

मामाने सुयशला घराबाहेर काढलं. नाशिक रोडची सगळी कॉलनी बघत होती म्हणे. त्यानंतर मामा स्वतः गाडी चालवू लागला, तरी आकडा तेराच. शनिवारी आमच्या दारात येईपर्यंत चाकातून धूर निघत होता.

मी त्याला म्हटलं, "मामा, हात लावून बघा." त्याने लावला. तळहात भाजला. मग मी ती गंजलेली तार काढून त्याच्यापुढे टाकली आणि सांगितलं, "मला हे जानेवारीतच कळलं होतं."

तो जुन्या टायरांवर बसला. मग आईची माफी मागायला येतो म्हणाला. मी म्हटलं, घरात नको, साखरपुड्याला जमली होती तेवढी माणसं जमवा. त्याने मान डोलावली. खोटं कशाला सांगू, गोड वाटलं. तासाभरात ब्रेक दुरुस्त करून दिला.

जाताना त्याने विचारलं, सुयश कुठे आहे, तुला ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हतं.

भाऊजींना जयभीम.
नवनाथ


घोटी, २१ मार्च

नवनाथदादा,
जयभीम.

इथे एका भातगिरणीवर कामाला लागलो आहे. बाबा शोधत आले होते. हाताला पट्टी होती. सगळ्यांसमोर माझी माफी मागितली आणि सगळं सांगितलं. एवढ्यात तरी मी घरी जाणार नाही, पण त्यांच्यावर राग उरला नाही. त्यांना खरं माहीत नव्हतं, म्हणून ते मला चोर म्हणाले.

तुला माहीत होतं.

साखरपुड्यात मी गप्प राहिलो, ती माझी चूक. तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि बाबांना भीत होतो. तू कोणाला भीत होतास?

उत्तर पाठवू नकोस. आत्याला नमस्कार सांग.

लोभ होता.
सुयश