भागाबाईचं आवतण

शके १७८६, कार्तिक व. ३
आज पंगत पुन्हा उशिरा. आचारी रुसला, त्याची समजूत काढण्यात सकाळ गेली. गुडघे ठणकताहेत. नानाशेटांनी वखारीत अन्नछत्र काढलं आणि माझ्या गळ्यात बांधलं. अडतीवरची कारकुनी बरी होती. कापूस कधी 'अजून वाढा' म्हणत नाही.

कपाशीला सोन्याचा भाव, म्हणून ज्याच्या त्याच्या वावरात कपाशी. ज्वारी कोणी पेरलीच नाही. शेतवाले मजेत. बिनजमिनीचे उपाशी.

दारावरचा रखवालदार घंटा बडवून ओरडतो, "भुकेकंगाल हो, चला!" शेटजींना ते आवडतं, बाजारापर्यंत ऐकू जातं.

कोष्टीपुऱ्यातली रंगू आज जेवून जाताना म्हणाली, "पंत, आमची भागाबाई तीन दिस झाले पान्यावर हाय. येत नाही, कोनाचं घेत नाही. तुमी सांगून पाहा." भागाबाई म्हणजे कोष्ट्याची विधवा, मूलबाळ नाही. सूत कातून पोट भरायची. आता कातायला कापूस परवडतो कोणाला?

का. व. ४
गेलो. घर स्वच्छ, चूल थंड. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. म्हटलं, छत्र आहे, जेवायला येत जा.
"त्या हाकेवर? त्या हाकेवर कुत्रे येतात, पंत."
"मग उपाशी मरणार?"
"बिनबोलावता कोनाच्या दारी जेवाले गेली नाही मी. आता कावून जाऊ?"
मला रागच आला. एवढ्या लांबून आलो ते हे ऐकायला? रागातच बोलून गेलो, शेटजींच्या घरी उद्या कथा आहे, त्याचं आवतण द्यायला आलोय.
तिनं पदर सावरला. "मंग अक्षद कुठी हाय?"
नव्हत्या. परत घरी. बहिणीकडून, अक्काकडून, तांदूळ मागितले, हळद लावली, पुन्हा कोष्टीपुरा. अक्षता हातात घेतल्यावर म्हणाली, "येते."

का. व. ५
आली. धुतलेलं लुगडं, डोईवर पदर. दारात उभी राहिली, मी 'या' म्हटल्यावरच आत. कोष्ट्यांच्या पंगतीत बसली. पाच दिवसांची उपाशी, पण सावकाश जेवली. दुसऱ्यांदा वाढायला गेलो तर आधी नको म्हणाली, मग आग्रह केल्यावर घेतलं. उठताना, "जेवन चांगलं झालं." शेटजींची कथा कुठं आहे हे विचारलं नाही.

का. व. ६
घंटा झाली, ओरडणं झालं, ती आली नाही. समजलो. पुन्हा अक्षता, पुन्हा कोष्टीपुरा. आज काय सांगितलं? शेटजींच्या मातोश्रींची तिथी. बिचाऱ्या ठणठणीत आहेत.

मार्गशीर्ष शु. २
कारणं संपली. बारसं झालं, नवस फेडून झाला, गाय व्याली तेही झालं. आज दारात उभा राहून 'शेटजींच्या घरी...' एवढंच म्हणालो. भागाबाई हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिली.
"कारन नोका सांगू, पंत. नुसतं चला म्हना."
"चला, भागाबाई."
"आलीच."
शहाणी बाई. मी मात्र दहा दिवस मूर्खासारखा खोटं बोलत होतो.

मार्ग. शु. ११
ज्याची भीती होती ते झालं. रंगू दारात येऊन, "भागाबाईले आवतन, अन् आमाले घंटा काहो?" आता सबंध आळीला घरोघर 'चला'. गुडघ्यांचं काय होणार देव जाणे. तेल चोळून काही उपयोग नाही.

मार्ग. व. १
शेटजींना कळलं. "पंत, खायला आपण घालायचं आणि वर बोलवायलाही आपणच जायचं?" म्हटलं, होय. एवढंच म्हटलं, पुढचं बोलायचं त्राण नव्हतं. ते म्हणाले, बघा बुवा तुमचं तुम्ही. रखवालदाराला ओरडणं बंद करायला सांगून आलो. घंटा राहिली.

पौष शु. ९
ताप. तरी जाऊन आलो. न जावं तर आळी उपाशी बसते, सगळ्यांनी भागाबाईची सवय घेतली. अक्का म्हणते, "त्या लोकायच्या दारी रोज जातं, येऊन आंघोय बी करत नाहीस आताशा." थंडीच्या दिवसांत दोनदा आंघोळ? मेलो तर बरं होईल का तुला, असं विचारलं. रडायला लागली. माझंच चुकलं. वैतागलोय, दुसरं काही नाही.

माघ व. ४, अकोला
शेटजींनी इकडं धाडलं, त्यांचा कापूस उचलला जात नाही म्हणून. बाजारात गाड्यांवर गाड्या उभ्या, बैल सोडून ठेवलेले, गाडीवाले खाली झोपलेले. अमेरिकेतली लढाई मिटते आहे, असं सगळ्यांच्या तोंडी. जो तो कालच्या भावाची वाट पाहतो. एक दलाल मला म्हणाला, "विकून टाका म्हना तुमच्या शेटले. नाहीतं कापूसच अंथरा अन् कापूसच पांघरा." शेटजींना हे कोणत्या तोंडानं सांगू?

इथं छत्रासाठी मदत मागायला शेटजींच्या भागीदाराकडं गेलो. पाणी विचारलं, बसा म्हणाले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी याच माणसानं मला हार घातला होता.

चैत्र शु. ३, शके १७८७
छत्र बंद. शेटजी वाड्याच्या आतल्या खोलीत बसून असतात, बाहेर येत नाहीत. घेणेकरी ओट्यावर. मला म्हणाले, "पंत, आळीत तुम्हीच सांगा." कठीण काम नेहमी मलाच.

घरोघर गेलो. आवतण द्यायला जायचो तसाच, फक्त आज सांगायचं होतं की उद्यापासून नाही. बायांनी ऐकून घेतलं. एक बाई रडली. भागाबाईच्या दारात पोचलो. तीच म्हणाली, "मले समजलं, पंत. बसा. रोज उभ्याउभ्या जाता." बसलो नाही. काय म्हणून बसायचं?

चैत्र व. १०
झोप नाही. शेटजींकडं आता कोणी येत नाही. माझंही काम सुटल्यातच जमा.

वैशाख शु. १२
नवल. कापूस कोसळला आणि कोष्टीपुऱ्यात चरखे सुरू झाले. जो कापूस अडतीवर कोणी विचारत नाही तो बायांना पदरभर मिळतो. आळीतून जाताना दोन्ही बाजूंनी घरघर. रंगू उन्हात सूत वाळवीत होती. "दिवाळं तुमचं, दिवाई आमची," म्हणाली, मग जीभ चावली. मी रागावलो नाही. खरंच होतं.

भागाबाई दारातूनच म्हणाली, "डोयाले दिसत नाही बरं, पण हाताले दिसते." सूत पाहिलं, एकसारखं.

ज्येष्ठ शु. ४
सकाळी ओट्याखाली भागाबाई. तेच धुतलेलं लुगडं. हातात पानाच्या पुड्यात हळदीच्या अक्षता.

"पंत, शष्ठीले आमच्या इथं जेवाले या. आवतन हाय."

मी ब्राह्मण, ती कोष्टीण, तिच्या घरचं शिजवलेलं मी कसं खाणार? तिला माहीत नाही का? तिला सगळं माहीत आहे. शेवटी म्हटलं, भागाबाई, मन भरलं, पण रीत तुम्ही जाणता. कोरडा शिधा द्या, डाळ तांदूळ, मी घरी रांधून आनंदानं खाईन.

तिचा चेहरा उतरला. "शिधा भिक्षुकाले देतात, पंत. तुमी भिक्षुक हाय का?"
"नाही."
"मी होती का?"
मी नकाराची मान हलवली.
"मले तुमी शिधा पाठवला असता तं घेतला असता का मी? तुमी बोलावलं, मी आली. आता मी बोलावून राहिली."

अक्षता माझ्या हातात ठेवल्या आणि गेली. मी घेतल्या. हात पुढं झाला कसा, ठाऊक नाही.

ज्ये. शु. ५
अक्काला काल रात्री सांगितलं. आज संध्याकाळी बोलली. "तू तिकडं जेवून आला तं माया चुलीपाशी येऊ नोको. तुयं होईल कसंही. मले मेल्यावर खांदा द्याले कोन येईल, सांग. भटजी येईल का आपल्या घरी?"

तिचं म्हणणं खोटं नाही. मला वाळीत टाकतील ते एक वेळ सोसेन. पण तिनं काय केलं? बालविधवा, आयुष्य माझ्या घरात काढलं, जपून ठेवण्यासारखं एवढंच तिच्याजवळ आहे.

दुपारी रंगू भेटली. मुद्दाम वाटेत थांबली होती. सुताराकडून पाट मागून आणलाय, तुरीचं वरण, पाटवडीची भाजी, गुळाच्या पोळ्या, आळीत प्रत्येकीनं काही ना काही हातभार लावला. भागाबाईनं पाच मायबहिणींना सांगून ठेवलंय की पंत येतात. "अन् नाही आले तं?" असं एकीनं विचारलं म्हणे. दुसरी म्हणाली, "नाही आले तं काय, मंग ते आवतन नव्हतंच. आपन घंटेवरच खात होतो."

हे ऐकल्यापासून डोकं सुन्न आहे. मी गेलो नाही तर छत्राचे पाच महिने ती पाहुणी नव्हती, भिकारीण होती. ती एकटीच नाही, सगळी आळी. आणि ते आवतण देणारा मी.

शेटजींकडं जाऊन बसलो, सल्ला विचारावा म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला कोणी बोलावलं नाही हो."

ज्ये. शु. ६
आंघोळ, संध्या झाली. अक्कानं आज चूल पेटवली नाही. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली आहे. तिच्या पायाशी बसलो, पाय दाबले. तिनं ओढून घेतले नाहीत. म्हणजे काय समजायचं?

उपरणं खांद्यावर टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. या वयात मला हे नको होतं. कोणीतरी धमकावून नेलं असतं किंवा बांधून ठेवलं असतं तर सुटलो असतो.

ऊन चढलं. आत्ता भागाबाई स्वतः आली आहे. पान मांडल्यावर पुन्हा बोलवायला यायचं, ती रीतही तिनं सोडली नाही. ओट्याखाली उभी आहे. तिच्यामागं गल्लीच्या तोंडाशी रंगू आणि दोन-तीन बाया, लांबूनच बघताहेत. मी 'आलो' म्हणालो की 'थांबा' म्हणालो, मलाच नीट आठवत नाही. आत आलो तो दौतीपाशी बसलो.

अक्का उठून बसली आहे. माझ्याकडं नाही, दाराकडं बघते आहे.

बाहेरून आवाज आला, "पंत, येता, का मी होऊ पुढं?"

उत्तर द्यायला हवं.