श्री. मेश्राम यांचा पहिला नकार ग्राह्य न धरण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
राज्य सार्वजनिक शाळा मंडळ महासंघ,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : एल्मफील्ड शाळा मंडळाचे सदस्य श्री. शंकरराव मेश्राम यांनी ठराव समितीची जागा नाकारलेली नसून फक्त 'नाही' म्हटले आहे, याबाबत.

संदर्भ : आपले दि. ४ नोव्हेंबरचे पत्र, जे मला मिळालेले नाही.

महोदय,

माझा पहिला अर्ज फेटाळल्याचे आपले पत्र काल मिळाले. ते मिळालेच नाही असे धरून मी पुढे लिहीत आहे. आपणही ते पाठवलेच नाही असे धरून वाचावे, म्हणजे दोघांचीही सोय होईल. हा अर्ज मराठीत का, असे आपण विचाराल. आपल्या महासंघाच्या आदर्श धोरणानुसार ज्या घरात मराठी बोलतात त्या घरातल्या माणसाला इंग्लिश येत नाही. मी त्याच घराच्या बेसमेंटमध्ये राहतो. धोरण मोडण्याची माझी हिंमत नाही.

१. अर्जदार ईश्वर गजभिये, वय तेवीस, इथल्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला एम. एस. करतो. सौ. सुजाता मेश्राम ही माझी सख्खी मावशी. श्री. शंकरराव तिचे यजमान, म्हणजे माझे काका. मूळचे नागपूरचे, इथे गावच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर, आणि गेल्या वर्षापासून शाळा मंडळावर लोकांनी निवडून दिलेले सदस्य. त्यांना या अर्जाची कल्पना नाही. कल्पना दिली असती तर ते नाही म्हणाले असते, आणि मग आपल्यासारखाच माझाही घोटाळा झाला असता.

२. त्यांची मुलगी संघमित्रा आठ वर्षांची आहे. तिचा जन्म इथलाच. तिला मराठी कळते ती मावशी रागावल्यावर, तीही निम्मी. शाळेच्या फॉर्मवर सातव्या ओळीत 'घरात कोणती भाषा बोलता?' असे होते. काकांनी मोठ्या अक्षरांत 'मराठी' लिहिले आणि खाली रेघ मारली. आपल्या आदर्श धोरणात अशा मुलांची परीक्षा घेण्याची तरतूद नाही; सरळ इंग्लिश न येणाऱ्यांच्या वर्गात बसवण्याची आहे. तिथे तिच्याकडून रोज 'धिस इज अ चेअर' म्हणवून घेतात. सप्टेंबरपासून चेअरच चालू आहे. दुसऱ्याच आठवड्यात जेवताना तिने विचारले, "बाबा, मला इंग्लिश येत नाही का?" हा प्रश्न तिने इंग्लिशमध्ये विचारला. त्या दिवशी काका अर्ध्या जेवणावरून उठले.

३. मुख्याध्यापकांनी काकांना ऑफिसात बोलावून कॉफी पाजली आणि सुचवले की सातवी ओळ खोडून 'इंग्लिश' लिहा, उद्यापासून मुलगी आपल्या वर्गात. काका म्हणाले, "घरात बोलतो ते लिहिलं. आता आम्ही कोण, हे शाळेच्या सोयीनं लिहू का?" मुख्याध्यापकांनी आणखी दोनदा विचारले. तिन्ही वेळा उत्तर तेच, आणि काकांनी कप खाली ठेवला. खरा नकार कसा असतो, याचा नमुना म्हणून हे कळवत आहे.

४. मग काकांनी हा प्रश्न एल्मफील्ड मंडळात मांडला. मंडळ म्हणाले, आम्ही महासंघाचे आदर्श धोरण शब्दशः पाळतो. आपल्या कार्यालयाला फोन केला. आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, महासंघ फक्त सल्ला देतो, मंडळे आपापली मुखत्यार आहेत. म्हणजे मंडळे चालतात आपल्या सल्ल्याने आणि आपला सल्ला बदलतो मंडळांच्या ठरावाने. ठराव वार्षिक प्रतिनिधी सभेत यायचा तर तो ठराव समितीतून यावा लागतो, आणि समितीत एकच जागा रिकामी होती. या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही. असे गोल यंत्र मी मेकॅनिकलला असूनही पाहिलेले नव्हते.

५. त्या जागेसाठी काका महासंघाच्या दि. १८ ऑक्टोबरच्या सभेला गेले. मावशीने सूटला दोनदा इस्त्री केली होती. अध्यक्षीणबाईंनी त्यांचे नाव पुकारले. काका उठले, हात जोडले आणि म्हणाले, "छे छे, मी कसला, माझ्यापेक्षा लायक माणसं बसली आहेत." (हे ते इंग्लिशमध्ये म्हणाले, म्हणजे धोरणानुसार म्हणालेच नाहीत.) बाई 'थँक यू' म्हणाल्या आणि चार सेकंदांत दुसरे एक सदस्य श्री. हॉल्वर्सन यांचे नाव घेतले. श्री. हॉल्वर्सन आपले नाव पूर्ण व्हायच्या आत 'शुअर' म्हणाले. काका अजून उभेच होते. ते आग्रहाची वाट पाहत होते.

आमच्यात पहिला नकार म्हणजे घसा साफ करणे. दुसऱ्या नकाराचा अर्थ, विचार चालू आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस म्हणतो, 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर.' शाळा मंडळाच्या निवडणुकीला काका उभे राहिले तेही असेच. शेजारच्या मिसेस डॉयल तीनदा आल्या होत्या. तिसऱ्या वेळी घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आल्या. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, "तिथे कोण तुमचा हात धरून बसवणार होतं?"

काका म्हणाले, "पहिल्या फटक्यात हो म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, हा खुर्चीसाठीच आला."

"त्यासाठीच तर गेला होतात ना?"

यावर काका तळघरात येऊन माझ्या खोलीतली, घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करू लागले. ती बिघडलेली नव्हती.

६. न मिळालेल्या पत्रात आपण म्हणता की इतिवृत्तात 'नकार दिला' अशी नोंद आहे आणि श्री. मेश्राम पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू शकतात. पुढच्या वर्षापर्यंत संघमित्रा 'धिस इज अ टेबल'पर्यंत पोचेल. आपण असेही म्हणता की श्री. हॉल्वर्सन यांची सातव्या ओळीबाबत काहीच हरकत नाही. ती नसणारच. त्यांच्या फॉर्मवर ती ओळ रिकामी ठेवली तरी चालते.

तरी नम्र विनंती की, महासंघाने गणपूर्तीसह एखाद्या शनिवारी एल्मफील्ड येथे आमच्या घरी यावे. सोफ्यावर पाच जण बसतात, बाकीच्यांनी जिन्यावर बसावे. काकांना समितीच्या जागेबद्दल विचारावे. ते नाही म्हणतील. मग थंडीबद्दल बोलावे, चिवडा घ्यावा, आणि पुन्हा विचारावे. ते श्री. हॉल्वर्सन यांचे नाव सुचवतील. तिसऱ्यांदा श्री. हॉल्वर्सन यांनी स्वतः विचारावे, किंचित दुखावलेल्या आवाजात. त्यावर काका जे म्हणतील तेच अधिकृत उत्तर समजावे. या बैठकीचे इतिवृत्त कु. संघमित्रा मेश्राम, वय वर्षे आठ, हिने इंग्लिशमध्ये लिहावे, आणि महासंघाने ते एकाही दुरुस्तीशिवाय कायम करावे.

आपला नम्र (हे मात्र पहिल्याच वेळी खरे धरावे),
ईश्वर गजभिये
एल्मफील्ड, दि. ८ नोव्हेंबर १९८६