वाढत्या डोक्याचं हेल्मेट

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुम्हाला फक्त फोटोतले शिंपी आजोबा म्हणून ओळखते. दुसरीत आहे आता. दिवाळीत तिला सायकल घेतली आणि सोबत हेल्मेट. दुकानात दोन होती, एक डोक्यावर नीट बसणारं, दुसरं जरा ढिलं. मी ढिलं घेतलं. विचारसुद्धा केला नाही. लेकरांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं, हे तुमच्याकडूनच अंगात मुरलेलं.

परंड्यातलं आपलं दुकान आठवतं. पाचवीचा गणवेश घालून तुम्ही मला उभं केलंय, स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत लोंबतोय आणि मैत्रिणी हसतील म्हणून मी रडतेय. तुम्ही तोंडातल्या टाचण्या काढून रागावता, "अंगाला चिकटलेलं घालून कुठं जायचंय? लेकरू वाढंल, कापड वाढत न्हाय." पुढं दर उन्हाळ्यात तुम्ही आत दुमडून शिवलेला दाब थोडा उसवायचात आणि तोच स्कर्ट मला पुन्हा नवा वाटायचा. माझ्यासाठी माया म्हणजे ती आतली जास्तीची पट्टी होती.

गेल्या महिन्यात मुलगी किल्ल्याजवळच्या उतारावर पडली. मी मागूनच चालत होते. पडताना हेल्मेट सरकून मानेवर गेलं आणि कपाळ दगडावर आपटलं. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "हेल्मेट होतं म्हणता, मग कपाळाला कसं लागलं?" हेल्मेट तर होतं. मीच बांधलं होतं.

मग दुसरं आणलं. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवं बसायला हवं, कानाखाली पट्ट्यांचा कोन जुळायला हवा, हनुवटीखाली जेमतेम एक बोट जावं. हेल्मेट हाताने हलवलं की कपाळाची कातडीही सोबत हलायला हवी. तसं केलं, तर मुलगी म्हणते, "टोचतंय." आई शेजारून म्हणते, "अगं, लेकराचं डोकं आवळतीस का? जरा सैल कर की." मी सैल केलं. यांनी येऊन बघितलं आणि पुन्हा आवळलं. "पुन्हा पाडायचीय का तिला?" दोघांचंही मला पटतं. त्यातच टाक्यांची खूण नेमकी हेल्मेटच्या आतल्या गादीखाली येते, म्हणजे ती खरंच टोचल्यामुळे बोलते की तो दगड आठवून, तेही कळत नाही. तुम्ही बाही जोडताना माझा हात वर-खाली करायला लावायचात आणि चेहऱ्याकडे बघायचात. तुम्हाला त्या चेहऱ्यात काय दिसायचं, अण्णा? मी तिच्याकडे तसंच बघते आणि मला काहीच समजत नाही.

आज संध्याकाळी ती पुन्हा निघाली. मी पट्टी बसवली, तिला मान जोरात हलवायला लावली. हेल्मेट जागचं हललं नाही. तिनं विचारलं, "मम्मी, आता बरोबर हाय ना?" मी म्हणाले, "व्हय, एकदम बरोबर." ती गेली, कोपऱ्यावरून वळली आणि थोड्या वेळात हसत परतही आली. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, म्हणून लिहिते. तिला व्हय म्हणाले तेव्हा मला नक्की ठाऊक नव्हतं.