बुजगावण्याचा सदरा

१० नोव्हेंबर

लागलो एकदाचा सिनेमात! शिळफाट्याच्या गॅरेजमधनं हाकललं तेव्हा आई रडली होती. काय केलं मी? मालकाच्या हेल्मेटात बेडूक सोडला, एवढंच.

इथं कर्जतला शूटिंगच्या जागेवर नकली हत्यारांची शेड हाय. विठूकाका तिचे मालक. त्यांनी स्वतः घडवलेली एक बंदूक हाय. गोळी नाय, नुसता बार. घोडा दाबला की बार उडतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढची आपोआप वर येते. म्हणजे यायला पाहिजे. येत नाय, पुंगळी अर्ध्यातच अडकते. आणि १५ तारखेला हीरो तिच्यानं सलग दहा बार उडवणार! माझं काम काय, तर रोज चाचणी करायची आणि काय झालं ते या वहीत लिहायचं. दहावी नापासाला वही! काका म्हणाले, शुद्धलेखन कोण बघतंय रं, खरं लिही म्हंजे झालं.

११ नोव्हेंबर

तेल घातलं. अडकली. स्प्रिंग बदलली. अडकली. पुंगळ्यांचा नवा डबा फोडला, तरी तेच.

चाचणीला समोर पेंढ्याचं बुजगावणं असतं, अंगात मळका निळा सदरा. काकांची ताकीद, सदरा बदलायचा नाय. मी म्हटलं, का, त्याला बघायला पाव्हणे येणारेत का? काका हसले नाय.

१२ नोव्हेंबर

लाईटवाला अक्षय, नेरळचा. मला शिळफाट्याचा बेडूक म्हणतो. आज तो अंघोळीला गेला तेव्हा त्याचा लाल टी-शर्ट पळवला आणि बुजगावण्याला चढवला. न्हाणीबाहेरनं ओरडलो, जा रं, तुझा भाऊ उभा हाय, त्याच्याकडनं माग.

तेवढ्यात चाचणीपण उरकली. तीन भरल्या, तीनही सुटल्या! लोण्यासारखी चालली. अक्षय उघडाच शिव्या देत आला, छाती चोळत. म्हणाला, काहीतरी चावलं.

१३ नोव्हेंबर

अक्षय दवाखान्यात. अंगावर तीन काळे डाग. खांदा, बरगडी, आणि एक काळजाच्या जरा खाली.

काकांना टी-शर्टचं सांगितलं. तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. निळा सदरा त्यांच्या भावाचा, मधूचा. बंदूक पहिल्यांदा चालवली तेव्हा मधू गंमत म्हणून समोर उभा राहिला. नुसतेच बार. पाचव्या बाराला गेला. काका म्हणाले, जो गेलाय त्याला ती परत काय मारणार? म्हणून अडकते. अडकू दे.

मग माझी चाचणी कशाला? डायरेक्टर साहेबांना वाटावं, दुरुस्ती चाललीय, म्हणून? मोडून टाका म्हटलं, तर म्हणाले, मोडायला घेतली की माझ्याच छातीत कळ येते.

१४ नोव्हेंबर

साहेबांना बुजगावणं आवडलं. उद्या हीरो त्यालाच मारणार. दहा बार.

मधूचा सदरा मी स्वतः चढवला, सगळी बटणं लावली. पहिल्यालाच अडकेल. काकांचं काम जाईल, माझी नोकरी पण. जाऊ दे.

अक्षयला फोन करून माफी मागितली. बरा हाय. म्हणाला, बेडका, फिटंफाट होणार हां. बंदुकीचं सांगितलं नाय. हसला असता.

१५ नोव्हेंबर

काका आले नाय, बघवणार नाय म्हणाले. बंदूक हीरोच्या माणसाकडं दिली.

दोरीवर माझा पोपटी शर्ट नाय.

फाटकापाशी —

अक्षयचा फोन आलेला. हसत होता. कपडेपटातल्या हर्षलाला सांगून बुजगावण्याला माझा शर्ट — फिटंफाट, म्हणाला —

पळत आलो. फाटक बंद. टेक चालू झाला की वॉचमन कुणालाच सोडत नाय. सगळं सांगितलं त्याला. म्हणाला, तुझी मस्करी आज नको रं बाबा. आतल्या सगळ्यांचे फोन बंद —

एक. डावा खांदा —

पुढची अडकेल. अर्ध्यात अडकेल. रोज अडकते —

दोन

वॉचमन विचारतोय, काय झालं रं, का वाकलास —

तीन. चार

काका म्हणाले होते खरं लिही. लिहितो. चांगली चालते. एकपण अडकत ना