देवदूताला गहू शिजवत नाहीत

१४ ऑक्टोबर
आजपासून बोटं मोजायची. तियानानं शिकवलं – दिवसभरात येता-जाता स्वतःला विचारायचं, मी जागी आहे ना? – आणि हाताची बोटं मोजायची. सवय लागली की स्वप्नातही मोजशील, तिथे सहा निघतील, आणि कळेल की हे स्वप्न आहे. मग स्वप्न आपल्या ताब्यात! लेक माझी स्वप्नात उडते म्हणे. मला उडायचं नाही.

१५ ऑक्टोबर
दिवसभर लॅबमध्ये कवळ्या. सदानकदा हातात कुणाचे तरी दात, स्वतःचे हात कधी बघणार? दोनदाच जमलं. मालकांनी विचारलं, "डोब्रिला, बोटबीट कापलं की काय?"

२१ ऑक्टोबर
हा खटाटोप कशासाठी, ते एकदा लिहून टाकते. दादाला एक प्रश्न विचारायचाय.

आई गेली तेव्हा आम्ही सुट्टीला समुद्रावर गेलो होतो. ती वुकाशिनदादाकडे अंथरुणाला खिळलेली, आणि त्यानं मला कळवलंच नाही. फोन केला की म्हणायचा, "झोपलीये." गेल्यावर कळवलं. दफनाच्या वेळी मी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, आजपासून तू माझा कोणी नाहीस. त्याला पाच वर्षं झाली.

शेवटी आईनं माझं नाव काढलं का, एवढंच हवंय मला. जागेपणी त्याच्या दारात जाऊन विचारायची हिंमत नाही. स्वप्नात विचारावं.

२९ ऑक्टोबर
काही नाही. नुसती थकवा आणणारी स्वप्नं. नवरा माझा, रात्को, म्हणतो, "झोपेतसुद्धा कामाला जुंपून घेतलंस? अगं, जरा नुसती झोप की!"

६ नोव्हेंबर
जमलं!

आमचंच जेवणाचं टेबल. स्लावाच्या सणाची मोठी मेणबत्ती पेटलेली आणि मधोमध वाडगाभर शिजवलेला गोड गहू. आमच्या घराचा संत देवदूत मिहाइलो, आणि त्याच्या स्लावाला आम्ही गहू करत नाही. गहू मेलेल्यांच्या नावानं करायचा असतो, देवदूत काही मेलेला नाही. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे बजावून ठेवलेलं. म्हणून गहू दिसला नि चटकन कळलं, हे स्वप्न! बोटं मोजायचीही गरज पडली नाही.

समोर दादा बसलेला. विचारलं. तो म्हणाला, "मला काय ठाऊक? मी तुझ्याच डोक्यातला." जाग आली. आधी हसू आलं, मग नाही आलं.

१२ नोव्हेंबर
पुन्हा गहू, पुन्हा दादा. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं तर आत दातच नाहीत. धंद्याचा परिणाम, दुसरं काय. पण विचारताना आता आवाज कापत नाही.

१९ नोव्हेंबर
परवा स्लावा. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून गुंडाळून पाठ मोडली. सारमा केली नाही तर रात्कोचे नातेवाईक वर्षभर बोलून दाखवतील. स्लावाचं आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं. येईल तो आपला, आलेल्याला परत पाठवायचं नाही. दादा आईच्या दफनानंतर कधी आला नाही. यंदाही येणार नाही. सरावाला वेळ नाही, झोपेलाही नाही.

२१ नोव्हेंबर
उजव्या हाताचं बोट भाजलंय. डाव्या हातानं लिहितेय.

पहाटेपासून चुलीपाशी होते. तियाना सणाचा पाव पाद्र्यांच्या हातून कापून आणायला चर्चमध्ये गेली. दुपारी पाहुणे यायच्या आत जरा आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले. उठून बाहेर आले तर टेबलाभोवती माणसं, मधोमध गहू, आणि दारात टोपी हातात घेऊन दादा. मी अगदी शांत. लागलं म्हटलं स्वप्न!

आधी जरा मजा केली. रात्कोच्या झिव्काआत्यांना म्हटलं, "आत्या, माझ्या सारमेला नावंही ठेवता आणि जाताना डबाही भरून नेता, असं कसं?" त्यांचा घास तोंडातच राहिला. मग दादाकडे वळले आणि पाणी मागावं तसं विचारलं, "आई जाताना माझं नाव काढलं का रे तिनं? की मी आठवलेच नाही?"

आता पुढे काय होतं बघू, म्हणून मेणबत्तीच्या ज्योतीत बोट धरलं. चांगलंच भाजलं!

तियाना रडकुंडीला आली. "आई, नवे पाद्री म्हणाले देवदूतालाही गहू चालतो. त्यांनीच वाडगा दिला. तुला सांगणार होते गं, तू झोपली होतीस." दादानं टोपी घातली आणि निघून गेला. राकियाचा एक घोटही घेतला नाही. रात्को एवढंच म्हणाला, "आपणहून आला होता, डोब्रिला."

लाजेनं मेले. आणि आता उत्तर कधीच मिळणार नाही.

२२ नोव्हेंबर
सकाळी दादाचा फोन. "काल सगळ्यांसमोर बोलता येईना. शेवटी तिला दिसत नव्हतं गं. माझा हात धरून 'डोब्रिला, डोब्रिला' करायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आई, मी वुकाशिन. तर रडायला लागली. मग मीच ओ देत राहिलो."